तक्रार नाही

चिठ्ठी क्र. १७
*प्रश्न: परीक्षार्थी चिठ्ठी कोणत्या हाताने उचलतो? कारण द्या.*

डाव्या. कारण कुणालाच देता येत नाही. पण बिश्केकच्या त्या वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलेला डॉक्टर शोधून आणा, त्याने चिठ्ठी डाव्याच हाताने उचललेली असणार.

हिरव्या कापडाच्या टेबलावर चिठ्ठ्या पालथ्या मांडतात. एक उचलायची, तिच्यावरचे तीन प्रश्न वाचायचे, कोपऱ्यात बसून मनाशी जुळवाजुळव करायची आणि मग परीक्षकांपुढे उभं राहून बोलायचं. हृदयविकाराच्या झटक्यावर आमची मुलं इतकं सुंदर बोलतात की ऐकणाऱ्याने डोळे मिटून घ्यावेत. झटका आलेला माणूस त्यांनी पाहिलेला नसतो, एवढंच.

बुरुल एसेनकुलोवा स्वतः अशीच बोलून डॉक्टर झाली होती. पाचापैकी पाच. पुढे ती तिथेच प्राध्यापक झाली, मग अभ्यासक्रम विभागाची प्रमुख झाली, आणि या चिठ्ठ्या बंद करण्याच्या मागे लागली. मंत्री आले, मंत्री गेले. प्रत्येकाने तिचा प्रस्ताव हातात तोलून पाहिला, फार महत्त्वाचा आहे म्हणाला आणि खाली ठेवला. परदेशी पाहुणे आले की तिला पुढे बसवायचे. पाहुणे विमानात बसले की तिची खुर्ची पुन्हा मागे.

यंदा निवृत्तीच्या तोंडावर तिला एक गट मिळाला. शेवटच्या वर्षाचा, एकच. त्यांची सरकारी परीक्षा चिठ्ठीवर होणार नव्हती. खोलीत कॉटवर एक माणूस निजलेला, त्याला काय दुखणं आहे ते त्याला पढवलेलं; विद्यार्थ्याने आत जायचं, बोलायचं, तपासायचं आणि घंटा होईपर्यंत शोधून काढायचं. परीक्षा आयोगाला हे पटलं तर पुढच्या वर्षापासून देशभर चिठ्ठ्या बंद. नाही पटलं तर हिरवं कापड पुन्हा अंथरलं जाणार, आणि ते ओढून काढायला बुरुल तिथे नसणार.

चिठ्ठी क्र. ४
*प्रश्न: परीक्षकांच्या आहाराचे वर्णन करा.*

दुसऱ्या मजल्यावरून बोर्सोक तळल्याचा वास आला आणि बुरुल जिन्यातच थांबली.

"नुरझात."

नुरझात तिची सहायक, तिचीच जुनी विद्यार्थिनी; अजूनही तिला एजे, म्हणजे ताई, म्हणायची. ती वरच्या पायरीवर ओढणीला हात पुसत उभी होती.

"एजे, मी काही केलेलं नाही."

"मी लेखी बंदी घातली होती. परीक्षकांसाठी मेजवानीचा दस्तरखान नाही. पाणी आणि बिस्किटं."

"घातली होती ना. मुलांनी वाचली. मग मुलांच्या आयांनी वाचली. मग आयांनी बोर्सोक तळले."

बुरुलने दार ढकललं. लांब टेबलावर तळलेल्या बोर्सोकचे, म्हणजे कणकेच्या फुगीर तुकड्यांचे, ढीग, मांसाचे साम्से, जर्दाळू, मधाच्या वाट्या, आणि मधोमध घोड्याच्या मांसाचं सॉसेज, जाड चकत्या करून पंख्यासारखं मांडलेलं.

"हे कुणी?"

"एल्दियारच्या काकांनी पाठवलं."

"एल्दियार परीक्षेला बसलाय."

"म्हणूनच पाठवलं, एजे. नसता बसला तर कशाला पाठवतील?"

"उचल."

नुरझातने उचललं नाही. ती शांतपणे म्हणाली, "टेबल रिकामं दिसलं तर आयोगातल्या बाइकेंना, वडीलधाऱ्यांना, वाटेल आपण त्यांना मोजत नाही. तुमची परीक्षा ते उपाशीपोटी बघतील. उपाशी माणसाला काहीही पटत नाही. तुम्हीसुद्धा काही खाल्लेलं दिसत नाही."

"मला भूक नाही."

"तेच म्हणते मी."

खाली गाडीचं दार वाजलं. आयोग आला होता. बुरुलने खिडकीतून पाहिलं: पोपलरच्या झाडांचा कापूस उडत होता आणि तेमिरकुल, आयोगाचा अध्यक्ष, तिच्याच वर्गातला, आपल्या पांढऱ्या टोपीवरून तो कापूस झटकत वर बघून हात हलवत होता. टेबल तसंच राहिलं. एवढ्या वर्षांत तिला पक्कं कळलं होतं की भांडण एका दिवशी एकच जिंकता येतं.

चिठ्ठी क्र. २२
*प्रश्न: रुग्णाची मुख्य तक्रार म्हणजे काय? एक उदाहरण द्या.*

तिची आई कोच्कोरला राहायची. गावच्या दवाखान्यात नवा डॉक्टर आला होता, लाल डिप्लोमावाला, म्हणजे सगळ्या विषयांत पाचापैकी पाच. बुरुलच्याच हाताखालून गेलेला. आईला बरं वाटत नव्हतं म्हणून शेजारणीने तिला बळेच नेलं.

त्या मुलाने पुस्तकात होतं तसं विचारलं, "तुमची तक्रार काय?"

आई म्हणाली, "तक्रार कसली, बाळा. देवाची कृपा आहे. तुझे आईवडील बरे आहेत ना?"

तो बरे आहेत म्हणाला आणि त्याने कागदावर लिहिलं: तक्रार नाही. आईने त्याला घरून आणलेलं दही दिलं. दुसऱ्या दिवशी गोठ्यात, बादली हातात असताना, ती गेली.

बुरुलने त्या मुलाला कधी दोष दिला नाही. तो तिच्याकडेच शिकला होता. तिने त्याला पाचापैकी पाच दिले होते.

चिठ्ठी क्र. ९
*प्रश्न: खोटा रुग्ण कसा तयार करतात?*

काकेनआपा नाटकात वीरांच्या आयांची कामं करायची. तलवार घेऊन निघालेल्या मुलाला निरोप द्यायचा, दुसऱ्या अंकात रडायचं, तिसऱ्यात मरायचं. निवृत्त झाल्यावर तिला कुणी विचारेना. बुरुलने तिला छातीत दुखणारी बाई दिली: डोंगराकडच्या गावची, परवापासून छातीवर ओझं, डावा हात बधिर, चालताना धाप.

"आणि शेवटी मरते का?" काकेनआपाने विचारलं.

"मुलांनी ओळखलं तर नाही मरत, आपा."

"म्हणजे प्रत्येक वेळी शेवट वेगळा. बरं आहे. आमच्या दिग्दर्शकाला हे कधी सुचलं नाही."

तालमी वसंतभर चालल्या. महाविद्यालयात सगळं रशियनमध्ये शिकवतात, परदेशातून आलेला नमुनाही रशियनमध्येच होता, म्हणून तालमी रशियनमध्ये झाल्या. नुरझात डॉक्टर होऊन विचारायची, "काय तक्रार?" आणि काकेनआपा छाती धरून असं काही सांगायची की नुरझातला घाम फुटायचा.

शेवटच्या आठवड्यात बुरुल अडून बसली. गावातली म्हातारी रशियन बोलत नाही. परीक्षा किरगिझमध्ये झाली पाहिजे. तिने रात्र रात्र बसून सगळे प्रश्न आणि गुणांचा तक्ता स्वतः किरगिझमध्ये आणला. शब्दाला शब्द. पुन्हा तालीम घ्यायला वेळ उरला नव्हता, आणि तालीम कशाला हवी होती? भाषा तर सगळ्यांची आईचीच होती.

चिठ्ठी क्र. १
*प्रश्न: निरोगी रुग्णाची तपासणी करून दाखवा.*

खोलीच्या भिंतीत काच होती. काचेपलीकडे बुरुल आणि आयोगाची माणसं. नियम बुरुलनेच केला होता: परीक्षा चालू असताना काचेपलीकडून कुणीही अक्षर बोलायचं नाही.

एल्दियार आत गेला. देखणा मुलगा, आवाज बातम्या सांगणाऱ्यासारखा. त्याने हात धुतले. नाव सांगितलं. कॉटपासून पढवलेल्या अंतरावर उभा राहिला.

"सलाम, आपा. तुमची तक्रार काय?"

काकेनआपा उशीवरून किंचित उठली. तिच्या तोंडावर एक हसू आलं, जे तालमीत कधी आलं नव्हतं.

"तक्रार कसली, बाळा. देवाची कृपा आहे."

बुरुलचा हात काचेवर गेला. नुरझातने तो हळूच खाली ओढला.

एल्दियारच्या चेहऱ्यावर रेष हलली नाही. त्याने मान डोलावली, परवानगी मागितली, छातीला नळी लावली, पाठीला लावली, रक्तदाब घेतला, प्रत्येक गोष्ट करताना काय करतोय ते स्वच्छ आवाजात सांगितलं. "आपा, प्रकृती समाधानकारक आहे. मीठ कमी खा." घंटा व्हायच्या आधीच त्याने आभार मानले.

कोपऱ्यातल्या परीक्षकाने तक्ता भरला:

हात धुतले. होय.
स्वतःची ओळख करून दिली. होय.
तक्रार विचारली. होय.
परवानगी घेतली. होय.
रुग्णाचा मान राखला. होय.
क्रमाने तपासणी केली. होय.
निदान. नाही.

निदानाला तीस गुणांपैकी दोन होते. हेही बुरुलचंच. निष्कर्ष पाठ करता येतो, पद्धत पाठ करता येत नाही, असं तिने सभेत टेबलावर मूठ आपटून सांगितलं होतं. एल्दियारला तीसपैकी अठ्ठावीस मिळाले.

"सुंदर," तेमिरकुल कुजबुजला. "चित्रासारखं."

दुसरी आली. तक्रार काय, आपा? तक्रार कसली, मुली. होय, होय, होय. तिसरा आला. तक्रार काय? कुणाबद्दल तक्रार करू, बाळा, सगळे चांगले आहेत. होय, होय. एकेक जण आत जाऊन मरणाऱ्या बाईला निरोगी ठरवून, नमस्कार करून बाहेर येत होता, आणि काचेपलीकडची माणसं एकमेकांकडे कौतुकाने बघत होती. बुरुलला वाटलं आपण ओरडतोय. कुणी वळून पाहिलं नाही, म्हणजे ओरडत नव्हती.

मधल्या वेळेत ती आत घुसली.

"आपा, छाती! तुमची छाती दुखतेय."

"दुखतेय ना," काकेनआपा रागाने म्हणाली. "सकाळपासून दुखतेय. पण त्याने दुखतंय का असं कुठे विचारलं? तो तक्रार विचारतो. माझ्या नातवाच्या वयाचं पोर पुढ्यात येऊन तक्रार काय विचारतं, मी काय सांगू त्याला? मी काय पोलिसात आलेय?"

"तालमीत सांगत होतात."

"तालमीत रशियन होतं गं. रशियनमध्ये ते नाटक होतं."

बुरुल कॉटच्या कडेवर बसली. तो शब्द तिने स्वतः लिहिला होता, आपल्या अक्षरात, आईच्या भाषेत. लिहिताना तिला काहीही आठवलं नव्हतं.

"मग आता बदलू का?" काकेनआपाने विचारलं. "सांगते ओरडून, छाती, छाती."

अर्धा गट होऊन गेला होता. उरलेल्यांना वेगळा रुग्ण देता येत नव्हता. हाही नियम तिचाच.

"नाही," बुरुल म्हणाली. "तुम्ही करताय तेच खरं आहे."

चिठ्ठी क्र. ३०
*प्रश्न: गाय कोण पिळतं?*

शेवटी बेर्मेत आली. अत-बाशीकडची, मेंढपाळाची मुलगी. रशियन अडखळत बोलायची, म्हणून इतकी वर्षं वर्गात मंद समजली गेलेली. घाबरून ती हात धुवायला विसरली. नाव सांगायला विसरली. सरळ कॉटवर म्हातारीच्या पायाशी जाऊन बसली.

"आपा, बऱ्या आहात ना? घरची मंडळी? गुरं?"

"सगळं ठीक. तू कुणाची गं?"

बेर्मेतने वडिलांचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. काकेनआपाने तिच्या गावच्या गवताची चौकशी केली. काचेपलीकडे तेमिरकुलने घड्याळाकडे पाहिलं.

"यंदा व्याल्या का गायी?"

"दोन्ही व्याल्या."

"मग दूध कोण काढतं?"

काकेनआपा थांबली. "सून काढते. परवापासून."

"सुनेला काढू देता?" बेर्मेत हसली. "माझी आजी मेली तरी देणार नाही."

"हात वळत नाही गं."

"कुठला?"

"हा." काकेनआपाने डावा हात उचलला आणि तो तिला खरंच जड झाल्यासारखा खाली पडला. बेर्मेतने तो मांडीवर घेतला, नाडी धरली, आणि बोलता बोलता गोठ्यापर्यंत चालवतं का, वाटेत थांबता का, थांबल्यावर हात कुठे ठेवता, असं विचारत गेली. काकेनआपाने हात छातीवर ठेवला.

बेर्मेत उठली. परीक्षकाकडे वळली आणि मोडक्या रशियनमध्ये म्हणाली, "यांना चालवू नका. गाडी बोलवा. आत्ता."

"वेळ संपली," परीक्षक म्हणाला, आणि खरंच घंटा वाजली.

हात धुतले, नाही. ओळख, नाही. तक्रार विचारली, नाही. क्रमाने तपासणी, नाही. निदान, होय. तीसपैकी पाच. बाकीचे तीन कुठून आले ते परीक्षकालाच माहीत. मुलगी बिचारी, म्हणून दिले असतील.

बुरुलने तिला कॉरिडॉरमध्ये गाठलं. ती भिंतीला टेकून रडत होती.

"फेरतपासणी मागता येते, बेर्मेत. अर्ज कर."

"नको एजे. चूक माझीच आहे. मी हात नाही धुतले." तिने बाहीने नाक पुसलं. "माझी काही तक्रार नाही."

चिठ्ठी क्र. ३१
*(या चिठ्ठीवर प्रश्न छापायचा राहून गेला आहे.)*

खिडकीतून बर्फाची डोंगररांग दिसत होती, नेहमीसारखी. तिच्याकडे बघून कुणालाही बरं वाटतं. बुरुलला वाटलं नाही.

चिठ्ठी क्र. ८
*प्रश्न: आयोगाचा निर्णय.*

"आली, आली आपली विजेती," तेमिरकुलने वाटीतला चहा उंचावला. "बस इथे. माझ्या शेजारी. खरं सांगतो, मला वाटलं होतं तमाशा होईल. पण काय शिस्त. मुलं हात धुतात, बुरुल! आपण कधी धुतले होते?"

सगळे हसले. सॉसेजची थाळी फिरत होती.

"एक सोडली तर सगळे पास," तो पुढे म्हणाला. "गुणही भरघोस. मंत्री खूश होतील, पाहुणे खूश होतील. सही करून टाकू म्हणजे जेवण गोड लागेल." त्याने घसा साफ केला आणि नियमाप्रमाणे विचारलं, "परीक्षेच्या पद्धतीबद्दल कुणाची तक्रार?"

भरल्या तोंडांनी माना हलल्या. इतिवृत्त लिहिणाऱ्या नुरझातने त्या ओळीपुढे 'नाही' आधीच लिहून ठेवलं होतं. दरवर्षी ते आधीच लिहितात.

"आहे," बुरुल म्हणाली.

"कुणाची?"

"माझी."

तेमिरकुलने वाटी खाली ठेवली. "परीक्षा तुझी आहे."

"म्हणून. त्या बाईला झटका आला होता, तेमिरकुल. एकीने ओळखलं, ती नापास. बाकीच्यांनी तिला मीठ कमी खायला सांगितलं आणि तू त्यांना डॉक्टर म्हणतोयस. चिठ्ठीवर तरी ते झटक्याबद्दल बोलले असते."

"बरं. असेल. शब्द चुकला असेल, गुण चुकले असतील. पुढच्या वर्षी दुरुस्त करू. आधी दार तर उघडू दे. तूच इतकी वर्षं ठोठावते आहेस."

"पुढच्या वर्षी मी नाही. तू दुरुस्त करणार?"

तो बोर्सोककडे बघत राहिला. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो, हीच त्याची अडचण.

"मी नाही करणार," तो म्हणाला. "मला झेपणार नाही. पण ऐक. पद्धत अयोग्य अशी नोंद झाली तर हा गट सोमवारी पुन्हा चिठ्ठी उचलेल. तुझी ती मुलगीसुद्धा. रशियनमध्ये बोलावं लागेल तिला. आणि नवी परीक्षा पुन्हा कुणी काढणार नाही, मी जिवंत असेपर्यंत तरी नाही. कोच्कोरला हिवाळ्यापासून डॉक्टर नाही, माहीत आहे तुला? तिथे कुणाला पाठवू? तुझ्या तक्रारीला?"

टेबलाभोवती कुणी चावत नव्हतं.

हे सगळं खरं होतं. त्याने एकही शब्द वाढवून सांगितला नव्हता. बुरुलला त्याचा राग आला नाही. जिन्यात तळणाचा वास आला होता तेव्हापासूनचा, किंवा त्याच्याही आधीपासूनचा राग कुठे न्यायचा हेच तिला कळेना. सही एका हाताच्या अंतरावर होती. तिने इतकी वर्षं मागितलेलं सगळं त्या कागदावर होतं, आणि त्यात आईला विचारलेला तोच प्रश्न पहिल्या ओळीत होता.

"नोंद कर," ती म्हणाली.

नुरझातने 'नाही' खोडलं. पेन धरून ती थांबली, आणि सवयीने, नमुन्यात असतं तसं विचारलं, "काय तक्रार आहे, एजे?"

बुरुलने तोंड उघडलं. शब्द येईना. जिभेवर आलं ते एकच: काही नाही गं, ठीक आहे सगळं.

नुरझातने तिच्याकडे पाहिलं. मग पेन बाजूला ठेवलं, शेजारची खुर्ची ओढली, चहाची वाटी अर्धी भरून तिच्यापुढे सरकवली.

"बसा आधी," ती म्हणाली. "कोच्कोरहून सुरू करा."

परीक्षेच्या दस्तरखानावर बुरुल पहिल्यांदाच बसली.

चिठ्ठी क्र. १७, पुन्हा
*प्रश्न: परीक्षार्थी चिठ्ठी कोणत्या हाताने उचलतो?*

सोमवारी हिरवं कापड अंथरलं. कोपऱ्यात एक खुर्ची बुरुलसाठी ठेवली होती, बोलायचं नाही या अटीवर.

एल्दियारने डाव्या हाताने उचलली. पाचापैकी पाच.

बेर्मेत नापास होता होता वाचली. तिच्या चिठ्ठीवर मूत्रपिंडाची रचना आली, आणि रशियन शब्द एकेक करून तिच्या हातून निसटत गेले. तेमिरकुलने दोनदा उसासा टाकला, पण तीन दिले. पाचापैकी तीन म्हणजे पास.

"झालं," तो कागद पुढे सरकवत म्हणाला. "इथे सही कर. काही तक्रार?"

बेर्मेतने पेन घेतलं. कोपऱ्याकडे पाहिलं नाही.

"आहे, बाइके," ती किरगिझमध्ये म्हणाली. "पण सांगायला वेळ लागेल. तुमचं जेवण झालंय ना?"